झिंक स्वतः मॅग्नेटिक नाही, मग मॅग्नेटायझेशन वाढतं कसं?

सर, निकेल फेराइटमध्ये (निकेल आणि लोखंडाचं ऑक्साइड) झिंक टाकलं, झिंकचा मोमेंट (अणूचं स्वतःचं चुंबकत्व) तर शून्य, तरी मॅग्नेटायझेशन वाढलं. व्हीएसएमचं (मॅग्नेटायझेशन मोजणारं मशीन) रीडिंग चुकलं का? (एमएस्सी, जळगाव)

रीडिंग बरोबर आहे बेटा, मशीनला दोष देऊ नको. स्पिनेलमध्ये, म्हणजे फेराइटच्या स्फटिकरचनेत, अणूंना बसायला ए आणि बी अशा दोन जागा, दोन्हींचे मोमेंट एकमेकांच्या उलटे, आपल्याला मिळते ती फक्त वजाबाकी (फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नीलने हे १९४८ मध्ये मांडलं). निकेल फेराइटमध्ये ए वर एक लोखंड, त्याचे ५ (मोमेंटचं माप, बोहर मॅग्नेटॉन). बी वर लोखंड ५ आणि निकेल २, म्हणजे ७. हातात राहिले २. आता झिंकला ए जागाच आवडते, तो तिथे बसला की तिथलं लोखंड उठून बी वर जातं, म्हणजे वजा होणारी बाजू घटली आणि दुसरी वाढली. एका सूत्रामागे ०.२ झिंक घातलं तर ए वर ४, बी वर ७.६, उरले ३.६. पण म्हणून झिंक ओततच जाऊ नको, साधारण अर्ध्याच्या आसपास ए इतकी रिकामी होते की बी वरचे मोमेंट तिरपे व्हायला लागतात आणि मग ग्राफ खाली येतो. क्युरी तापमान (ज्याच्या वर हे चुंबकत्व जातं) तर पहिल्यापासूनच उतरतं.

फेराइटच्या एक्सआरडीत (एक्स-रेने स्फटिक ओळखायची चाचणी) ३३ अंशाजवळ एक जादा पीक येतोय, चालेल का? (धुळे)

एक्स-रेची ट्यूब कॉपरची असेल तर तो बहुतेक हेमेटाइट, म्हणजे फेराइट न बनता वेगळं राहिलेलं लोखंडाचं ऑक्साइड, स्पिनेलचा मोठा पीक ३५.५ च्या आसपास असतो. नाही चालणार भो. फेराइट बनवताना सायट्रिक ॲसिडचं जेल नीट जळलं नाही की असं होतं. मी एकदा लहान बीकर घेतला होता, जेल दूध ऊतू जावं तसं फुगून हॉटप्लेटवर सांडलं, अर्धं सॅम्पल तिथेच गेलं. मोठा बीकर घे, लोखंडाचं वजन परत तपास.

तापीच्या वाळूतले काळे कण मुलाच्या लोहचुंबकाला चिकटतात, ते काय असतं? (भुसावळ)

आपल्या बेसॉल्टमधून झिजून आलेलं टायटॅनोमॅग्नेटाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड, तेही स्पिनेलच. गंमत अशी की टायटॅनियमही झिंकसारखाच बिनमोमेंटचा, पण तो बी वर बसतो, म्हणून इथे जितका टायटॅनियम जास्त तितकं चुंबकत्व कमी. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवायला सांगा, नाहीतर ते कण चुंबकावरून निघता निघत नाहीत.