रडू येत नाही म्हणून सिस्टर निष्ठुर होते का?

"मॅडम, पेशंट गेला तरी मला आता काहीच वाटत नाही. मी निष्ठुर झालेय का?" परिचारिकांच्या तोंडून हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. शब्द थोडेफार बदलतात, भीती तीच असते. म्हणून आयसीयूत काम करणाऱ्या एका सिस्टरची गोष्ट सांगते. तिची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

ती हुशार मुलगी. बी.एस्सी. नर्सिंगला अमेरिकन परिचर्या-अभ्यासक जीन वॉटसन यांनी १९७९ साली मांडलेले काळजीचे दहा घटक तिने घडाघडा पाठ केले होते, आणि आता तेच तिला टोचत होते. "पुस्तकात रुग्णाशी मन जोडायचं असं लिहिलंय. माझी अख्खी नाइट सक्शन, सलाईन आणि नोट्समध्ये जाते. मन कुठे आणू?"

एकदा मी तिला म्हटलं, "मनाचं राहू दे. काल रात्री काय काय केलंस, तेवढं सांग."

ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला हँडओव्हर द्यावा, तशी ती बोलू लागली. व्हेंटिलेटरवरचे आजोबा. दर दोन तासांनी कूस बदलली, तोंड स्वच्छ केलं, पाठ बघितली. "अण्णांना सांगितलं, आता डाव्या कुशीवर करतेय, आणि..."

"ते शुद्धीवर होते?"

"नाही."

"मग सांगितलंस कुणाला?"

ती गप्प झाली. मग जरा चिडूनच म्हणाली, "ऐकू येत असलं तर? कुणी न सांगता असं वळवलं, तर घाबरणार नाहीत का ते?"

"आणि 'अण्णा' कुठून आलं? केसपेपरवर?"

"नाही, सुनेला विचारलं होतं. घरी त्यांना अण्णाच म्हणतात." एवढं बोलली आणि माझ्याकडे बघतच राहिली. जे आपल्यात उरलंच नाही अशी तक्रार ती कित्येक दिवस माझ्याकडे करत होती, ते तिच्याच तोंडून बाहेर पडलं होतं.

अशा वेळी मला वॉटसनपेक्षा परिचर्येच्याच दुसऱ्या अभ्यासक क्रिस्टन स्वॉन्सन जवळच्या वाटतात. गर्भपात झालेल्या स्त्रिया, नवजात अतिदक्षता विभागात बाळांची काळजी घेणारी माणसं आणि बिकट परिस्थितीतल्या तरुण आया यांच्याशी बोलून त्यांनी १९९१ साली काळजीच्या पाच प्रक्रिया मांडल्या: समोरच्याला जाणून घेणं, त्याच्यासोबत असणं, त्याला जमत नाही ते त्याच्यासाठी करणं, त्याला सक्षम करणं आणि त्याच्यावरचा विश्वास टिकवणं. यात डोळ्यांत पाणी यायलाच हवं, असं कुठेही नाही. सुनेला नाव विचारणं हे जाणून घेणं. कूस बदलणं हे त्याच्यासाठी करणं, कारण अंगात त्राण असतं तर अण्णा स्वतःच वळले असते. हे मी तिला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "हे तर मी रोज करते!" या कामात मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते असे क्षण. सिद्धान्त माणसाला त्याच्याच कामात सापडावा लागतो, असं माझं ठाम मत आहे.

सिस्टर मंडळींनो, रोज मृत्यू बघणाऱ्याचे अश्रू कमी होतातच, त्याला घाबरू नका. हाताशी वेळ असूनही स्पंजिंगच्या वेळी पडदा ओढावासा वाटला नाही, मनातल्या मनातही माणसाचा 'बेड नंबर ४' झाला, सुट्टीच्या दिवशीही झोप येईना, तर मात्र थांबा आणि कुणाशी तरी बोला. वॉटसन यांच्या तिसऱ्या घटकात स्वतःविषयीची संवेदनशीलता आधी येते, दुसऱ्यांविषयीची नंतर. परीक्षेत हा क्रम कुणी विचारत नाही. आणि एकटीवर भरलेला वॉर्ड टाकलेला असेल, तर राहून गेलेल्या कामाचा अपराधीपणा स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका. माणसं नेमणं हे प्रशासनाचं काम आहे. ते लेखी मागा.

ट्यूटर मॅडमना एक विनंती आहे. या पाच प्रक्रिया पाठ करून घेण्याआधी मुलींना आदल्या दिवशीच्या ड्युटीतलं एक काम सांगायला लावा, आणि त्यातली कोणती प्रक्रिया दिसते ते त्यांनाच शोधू द्या.