अक्षरांवर खोडरबर का चालत नाही?

प्रश्न : अमळनेरला छोटं फ्लेक्सचं दुकान आहे. कानबाईच्या उत्सवाचा 10 बाय 4 फुटी बॅनर करतोय, मथळ्याची अक्षरं झिजलेल्या रंगासारखी दिसायला हवीत, पण फोटोशॉपमधे इरेझर घेतला की लेयर रास्टराइज करा म्हणतं. करू का?

उत्तर : भाऊ, थांबा जरा. टाइप केलेलं अक्षर म्हणजे व्हेक्टर, कडांचं गणित असतं ते, त्यात पिक्सेल म्हणजे रंगाचे बारीक ठिपके नसतातच, मग इरेझर पुसणार काय? लेयरवर राइट क्लिक करून रास्टराइज टाइप केलं की त्याचे पिक्सेल होतात, लेयरवरचं टी चिन्ह जातं आणि मग ब्रश, इरेझर सगळं चालतं, पण गिऱ्हाईक संध्याकाळी येऊन म्हणालं की मंडळाच्या नावात वेलांटी चुकली तर ती टाइप करून बदलता येणार नाही, आणि गिऱ्हाईक तसं म्हणतंच. म्हणून आधी कंट्रोल जे दाबून कॉपी करा, मूळ लेयर लपवून ठेवा.

आणि साइज आधीच नीट लावा, कारण पिक्सेल फाइलच्या त्यावेळच्या रिझोल्यूशननेच बनतात. इंचाला 72 पिक्सेल धरले तर हा बॅनर 8640 बाय 3456 पिक्सेलचा होतो. लहान फाइलमधे रास्टराइज करून मागून ताणलं तर कडा फुटणारच.

मला विचाराल तर रास्टराइज करूच नका. लेयर मास्क लावा, म्हणजे अक्षर न पुसता त्याचा हवा तो भाग नुसता झाकणारा पडदा, खरबरीत ब्रशने मास्कवर काळं मारा, अक्षरं झिजल्यासारखी दिसतात अन् वेलांटीही दुरुस्त होते.