सहापैकी एकच बिअर ठेव

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

इंदूरला काढायच्या ब्रुअरीसाठी तू केलेली एक्सेलची फाइल नीट वाचली. सहा बिअर, प्रत्येकीचं वेगळं नाव, वेगळं चित्र आणि ग्रॅमपर्यंतचा हिशेब. चित्रं झकास आहेत. रेसिपी मात्र सहापैकी पाच बाजूला ठेव, निदान पहिलं वर्षभर. गव्हाची, हेफेवायझन, तेवढी राहू दे.

रागावू नकोस, कारणं सांगतो. लागर आधी दहा-बारा अंशांवर आंबवायची आणि मग शून्याच्या आसपास आठवडेच्या आठवडे पडू द्यायची. तेवढ्या काळात त्याच टाकीतून गव्हाची दोनदा निघते. लहान ब्रुअरीत माल्टपेक्षा (मोड आणून वाळवलेल्या धान्यापेक्षा) महाग असतात टाकीचे दिवस, आणि तुझ्या हिशेबात तो रकानाच नाही. आयपीएबद्दल म्हणशील, तर विजयनगरच्या पबमध्ये आपली माणसं बिअरबरोबर काय मागवतात ते एकदा बघून ये. कडूपणा आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीची आग वाढवतात. तिखट शेव खाणाऱ्याला कडू, कडक आयपीए दिलीस तर तो पहिला ग्लास कौतुकाने पिईल आणि दुसरा मागवणार नाही. धंदा दुसऱ्या ग्लासवर चालतो.

आंब्याची बिअर सगळ्यांनाच सुचते. आमरसातली साखर यीस्ट फस्त करतं, मागे उरतो आंबटसर पातळपणा. वासही आंबताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडबरोबर बराचसा उडून जातो. मुख्य आंबवण संपल्यावर गर घातला तर थोडाफार टिकतो, पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात मँगो शेक असतो, आणि तो त्याला मिळत नाही. शिकंजी स्टाउट, म्हणजे शिकंजीची काळी बिअर, वाचून आधी हसलो, मग विचारात पडलो. आपली इंदुरी शिकंजी दुधाची, आणि दुधातली लॅक्टोज साखर बिअरचं यीस्ट खाऊ शकत नाही. त्यामुळे गोडी आणि दाटपणा शिल्लक राहतो. इंग्रजांची मिल्क स्टाउट याच आधारावर उभी आहे. पण बदाम-पिस्त्याचं तेल फेस मारून टाकेल. नुसती लॅक्टोज पावडर आणि वेलची घेऊन तिसऱ्या वर्षी कर, आणि मला बोलाव.

राहिली विटबिअर. ही मसाल्याची गव्हाची बिअर बेल्जियमच्या हूगार्डन गावातली. तिथे ती बंदच पडली होती, पिअर सेलिस नावाच्या गवळ्याने १९६६ मध्ये परत सुरू केली. धणे आणि संत्र्याची साल हा तिचा जीव. आपला लांबट धणा मोरोक्कोच्या गोल धण्यापेक्षा जास्त लिंबासारखा लागतो, आणि गुन्याकडचा कुंभराजचा धणा तुझ्या दाराशी आहे. तरीही थांब म्हणतो, कारण मसाल्याआड आंबवणीचे दोष लपतात. हेफेवायझनमध्ये लपायला जागाच नाही. केळ्याचा वास येतो तो यीस्टचा, लवंगेचा येतो तोही यीस्टचा. ती नीट जमली की विटबिअर तुझ्यासाठी पंधरवड्याचं काम आहे.

आता त्या उरलेल्या एका रेसिपीबद्दल. तू वीस लिटरची घेतलीस आणि पाचशेच्या टाकीसाठी प्रत्येक आकडा पंचविसाने गुणलास. बेटा, रेसिपी गुणाकाराने मोठी होत नाही. लहान पातेल्यातून तासाभरात जेवढ्या टक्क्यांनी पाणी उडतं, तेवढं मोठ्या केटलमधून उडत नाही, म्हणजे तुझा वर्ट (माल्टचा गोड काढा) ठरल्यापेक्षा पातळ निघणार. लहान पातेलं झटकन थंड होतं. मोठ्या केटलमधला वर्ट उकळ बंद केल्यावरही अर्धा-पाऊण तास ऐंशी अंशांच्या वर राहतो आणि शेवटी घातलेले हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) तेवढा वेळ कडूपणा देत बसतात. उंच टाकीत द्रवाच्या दाबाने यीस्टचा केळ्यासारखा वास दबतो. जर्मनीत काही जुन्या गव्हाच्या ब्रुअऱ्या अजून उघड्या, उथळ भांड्यांत आंबवतात, ते काही निव्वळ परंपरेच्या प्रेमापोटी नव्हे.

म्हणून वजनं लिहायच्या आधी ग्लासात काय हवंय ते लिही. सुरुवातीची घनता १२ प्लेटो (वर्टमधल्या साखरेचं माप), शेवटची ३ च्या आसपास, म्हणजे अल्कोहोल पावणेपाच टक्क्यांच्या घरात. कडूपणा १२ आयबीयू. किमान निम्मा गव्हाचा माल्ट, उरलेला बार्लीचा. गॅस भरपूर, ग्लास कलता धरून ओतला तरी फेस वर यावा इतका. हे आकडे पक्के ठेव, आणि वजनं दर खेपेला नव्याने काढ. हॉप्स बाहेरून येतात, त्यांचं अल्फा आम्ल, म्हणजे कडूपणा देणारा भाग, दर हंगामात बदलतं. गेल्या पाकिटावर ४ टक्के होतं आणि या पाकिटावर ३ असेल, तर तेवढ्याच कडूपणासाठी एक तृतीयांश हॉप्स जास्त लागतील. ग्रॅम पाठ करणाऱ्याची बिअर दर खेपेला वेगळी लागते आणि तो यीस्टला शिव्या देतो. उघडलेलं पाकीट हवा काढून डीप फ्रीजरमध्येच ठेव. मे महिन्यात इंदूरच्या गोदामात हॉप्सचं गवत व्हायला वेळ लागत नाही.

यीस्टचंही तसंच. पाकिटं मोजू नकोस, पेशी मोज. १२ प्लेटोच्या वर्टला दर मिलिलिटरमागे साधारण ९०-९५ लाख पेशी लागतात. साधा मायक्रोस्कोप आणि पेशी मोजायची काचपट्टी घे. तुझ्या निऑनच्या पाटीपेक्षा स्वस्त पडेल. केळं आणि लवंग यांचा तोल तुझ्या हातात दोन ठिकाणी आहे. मॅश (गरम पाण्यात भिजवलेला दळलेला माल्ट) पहिली पंधरा-वीस मिनिटं ४३-४५ अंशांवर धरलास तर फेरुलिक आम्ल सुटतं, त्यातून यीस्ट लवंगेचा वास तयार करतं. आणि आंबवण १८ अंशांवर ठेवलीस तर लवंग पुढे येते, २२-२३ ला केळं. मला लवंग आवडते, पब्लिकला केळं. मधे कुठे थांबायचं ते तू ठरव, पण ठरवलं की दर खेपेला तिथेच थांब.

या सगळ्यापेक्षा पाणी मोठं, आणि तुझ्या फाइलमध्ये त्याच्यापुढे फक्त ‘नळ’ लिहिलंय. कुठला नळ? जलूदहून चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी वेगळं, काळ्या पाषाणात खोदलेल्या बोअरचं जड पाणी वेगळं, आणि एप्रिल-मे मध्ये टँकर येतो त्याच्या पोटात काय असतं ते टँकरवाल्यालाही माहीत नसतं. पावसाळ्यात पाणी गढूळलं की क्लोरीन वाढतो. क्लोरीन आणि फिनॉल एकत्र आले की बिअरला दवाखान्याचा वास येतो, अब्जात काही भाग इतक्या कमी मात्रेतही जिभेला कळतो. गव्हाच्या बिअरमध्ये तर लवंगेचा वास स्वतःच फिनॉल आहे. तेव्हा कार्बन फिल्टर लाव, किंवा लोणची-सरबतं टिकवायला घरात वापरतात ते केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) वापर, हजार लिटरला दहा ग्रॅमच्या आसपास पुरतं.

दुसरी भानगड बायकार्बोनेटची. त्याने मॅशचा पीएच चढतो, आणि तो ५.२ ते ५.६ मध्ये बसला नाही तर साखर नीट सुटत नाही, टरफलांचा तुरटपणा मात्र सुटतो. पीएचची मोजपट्टीच मुळात ब्रुअरीतली आहे. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत सोरेन्सनने १९०९ मध्ये आणली. तेव्हा पीएच मीटर चांगला घे आणि लॅक्टिक आम्ल हाताशी ठेव. माझं ऐकशील तर पहिल्या वर्षी सरळ आरओचं पाणी घे आणि त्यात कॅल्शियम क्लोराइड आणि थोडं जिप्सम मोजून घाल, कॅल्शियम दर लिटरला किमान ५० मिलिग्रॅम होईल इतकं. पाणी वाया जातं हे मला पटत नाही, पण ते फेकलेलं पाणी फरशी धुवायला चालतं, आणि ब्रुअरीत दिवसातले निम्मे तास धुण्यातच जातात.

आता तू विचारलेला अवघड प्रश्न: परवाना हातात नाही, मग प्रयोग करायचे कुठे? घरच्या बाल्कनीत नाही. मध्य प्रदेश आबकारी अधिनियम १९१५ चा आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं हा त्यात गुन्हा आहे. वीस लिटर ‘फक्त चाखायला’ केली, हे कुठलाही इन्स्पेक्टर ऐकून घेणार नाही. पण यीस्ट घालायच्या आधीचं काम पुष्कळ आहे. माल्ट चाखायची एक सोपी रीत आहे. ५० ग्रॅम माल्ट बारीक दळायचा, ६५ अंशांच्या साडेचारशे मिलिलिटर पाण्यात थर्मासमध्ये पंधरा मिनिटं ठेवायचा, गाळायचा आणि प्यायचा. देशी आणि परदेशी, या कंपनीचा आणि त्या कंपनीचा, गव्हाचा आणि बार्लीचा, सगळे शेजारी शेजारी मांडून चाख. आजीलाही दे. ती नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व करते, ते माल्टच आहे. एकदा तिला हे पटलं की घरातला अर्धा विरोध मावळेल. फक्त उरलेला वर्ट त्याच दिवशी ओतून टाक. उघडा राहिला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपणहून फसफसायला लागेल.

आंबवण शिकायला मात्र परवाना असलेल्या ब्रुअरीतच जा. पुण्यात डूलाली २००९ मध्ये सुरू झाली, त्यानंतर तिथे आणि बंगळुरूला बरीच मंडळी या धंद्यात आली. टाक्या धुवायला येते म्हणालीस तर कुणीतरी ठेवून घेईल. रेसिपी विचारू नकोस, लॉगबुक बघायला माग. कुठल्या तारखेला तापमान किती, घनता किती उतरली, कुठे अडकली, हे वाचता आलं की रेसिपी आपोआप कळते.

चाखण्याबद्दल थोडं. बदल एका वेळी एकच कर आणि मैत्रिणींना ‘कशी झालीय?’ असं विचारू नकोस. इंदुरी माणूस तोंडावर ‘भारी’च म्हणणार. तीन ग्लास भर, दोनांत एक खेप, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा कोणता एवढंच विचार. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक जण बरोबर सांगतोच, म्हणून बारा जण असतील तर किमान आठांना ओळखता आलं पाहिजे, तरच फरक खरा मानायचा. थोड्या नमुन्यांवरून किती विश्वास ठेवायचा याचं गणितही ब्रुअरीतून आलंय. गिनेसमधल्या विल्यम गॉसेटने ते १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं, कारण कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती. तुझ्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात टी-टेस्ट असेल, ती हीच. तुझ्या बाबतीत चाचणी उलटी लावायची: लागोपाठच्या दोन खेपा समोर ठेवल्या आणि लोकांना फरक ओळखता येईना, की समज हेफेवायझन जमली.

मग दुसरी बिअर. ती पोह्यांची कर. हसू नकोस. तांदूळ मॅशमध्ये घालायचा तर आधी वेगळा शिजवावा लागतो, कारण त्यातला स्टार्च मॅशच्या तापमानाला फुलत नाही. पोहे वाफवून, दाबून आलेले असतात, ते सरळ मॅशमध्ये जातात. उज्जैनच्या गिरण्यांतले जाड पोहे, एकूण धान्याच्या पंधरा-वीस टक्के, उरलेला बार्लीचा माल्ट, हॉप्स बेताचे. हलकी, कोरडी, उन्हाळ्यात उतरणारी एल (लागरपेक्षा लवकर तयार होणारी बिअर) होईल, टाकीही लवकर मोकळी करेल. पोह्यांना टरफल नसतं म्हणून गाळताना तुंबेल. भाताचं तूस धुऊन थोडं मिसळ. पोह्यांवर भुरभुरायचा जीरावन मसाला मात्र टेबलावरच राहू दे.

केटल आली की पहिल्या दिवशी बिअर करू नकोस. नुसतं पाणी भर, तासभर उकळ, आधी आणि नंतर पट्टी बुडवून किती उडालं ते मोज. मग तेच पाणी चिलरमधून सोड आणि वीस अंशांवर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघ, शक्यतो भर दुपारी, कारण मेमध्ये टाकीचं पाणीच तिशीच्या वर असतं. हे दोन आकडे आणि पाण्याचा लॅब रिपोर्ट मला पाठव. रिपोर्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट हे सहाही हवेत. नुसता टीडीएस (विरघळलेल्या क्षारांची एकूण बेरीज) घेऊन येऊ नकोस. ते आले की वजनं आपण दोघं बसून काढू.

तुझा,
काका