बीटी कापसाच्या सरकीचे तेल खाणे सुरक्षित आहे का? आणि अशा पिकांमुळे पर्यावरणाला काय धोका आहे?

तेलाबद्दल निर्धास्त राहावे. बीटी म्हणजे मातीतील एका जिवाणूचे जनुक घातलेले पीक; ते स्वतःच क्राय नावाचे अळीमारक प्रथिन बनवते. हे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळून तेथील विशिष्ट ग्राहक-रेणूंना (रिसेप्टर) चिकटते, तेव्हाच ते मारक ठरते. माणसाच्या पोटात आम्ल असते आणि ते ग्राहक-रेणू नसतात. शिवाय प्रथिन पेंडेत जाते, शुद्ध तेलात ते जवळजवळ उरत नाही. आम्ही बडोदेकर कपासिया तेलातच तळणे तळतो.

पर्यावरणाच्या प्रश्नाने मात्र आमच्या घरातील जुना वाद वर आला. कर्जणजवळची आमची सामाईक शेती थोरले चुलतभाऊ पाहतात. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत त्या काळी १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचे लहान पाकीट मिळत असे. ते शेताच्या कडेने पेरायचे, म्हणजे त्यावर वाढलेले, विषाला न सरावलेले पतंग बीटीतून वाचलेल्या थोड्या पतंगांशी जुगतात आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडते. दादा ते पाकीट दरवर्षी गोठ्यातील फळीवर भिरकावत. विचारले की म्हणत, "अळ्या पोसायला शेती करतो का मी?" मी बँकेत नोकरी करणारा, त्यामुळे शेतीच्या विषयात माझ्या बोलण्याला घरात वजन नव्हते.

एका दिवाळीत शेतावर गेलो तेव्हा कपाशी छातीएवढी, बोंडांनी लगडलेली होती आणि दादा खुशीत होते. मला मात्र पाकळ्या गुंडाळून मिटलेल्या डोमकळ्या, म्हणजे गुलाबी बोंडअळीची खूण, जागोजाग दिसत होत्या. बाहेरून निर्दोष दिसणारे एक बोंड फोडले, तर एका कप्प्यातील कापूस पिवळट पडून चिकटलेला, सरकी पोखरलेली आणि तिच्यात गुलाबी अळी निवांत बसलेली. दादांनी तिथल्या तिथे बियाणे बनावट ठरवले, दुकानदाराशी भांडण केले, आणि आजही प्रत्येक लग्नकार्यात कंपनीने फसवल्याची तीच कथा सांगतात.

बियाणे बनावट असायची गरजच नव्हती. अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी एका जनुकाच्या बीटीला दाद देत नाही, हे बीटी तंत्रज्ञान विकणाऱ्या मोन्सॅन्टो कंपनीने २०१० मध्ये स्वतःच मान्य केले होते. पुढे दोन जनुकांचे वाणही या अळीने पचवले. हिरवी बोंडअळी तूर आणि हरभऱ्यावरही जगते, त्यामुळे तिच्यासाठी आश्रयाची पिके आपोआप असतात. गुलाबी अळी जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते, म्हणून तिच्या बाबतीत ते लहान पाकीटच महत्त्वाचे होते. त्यात दादा कालव्याचे पाणी आहे म्हणून मार्चपर्यंत फरदड ठेवत, म्हणजे वेचणी संपल्यावरही जुनीच कपाशी पाणी देऊन पुन्हा वाढवत, त्यामुळे अळीला हंगामाबाहेरही खाऊ. अमेरिकेने बीटीच्या जोडीला नपुंसक पतंग सोडून हीच कीड कपाशीतून हद्दपार केल्याचे २०१८ मध्ये जाहीर केले.

माझ्या मते पर्यावरणाचे खरे नुकसान हेच आहे: अळी सरावली, मिलीबग (पिठ्या ढेकूण) आणि पांढरी माशी या रसशोषक किडी वाढल्या, आणि बीटीने कमी केलेली फवारणी परत आली. आरोग्याची चिंता करायचीच असेल, तर पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्या माणसाची करावी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आपली शेती असेल, तर डिसेंबरअखेर पीक संपवा, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) शेतात उभ्या ठेवू नका आणि फरदडीचा मोह टाळा.

तेलाचे हे उत्तर वांग्याला मात्र जसेच्या तसे लावू नये. वांगे आपण प्रथिनासकट खातो, आणि बीटी वांग्याच्या सुरक्षिततेची बरीचशी माहिती खुद्द कंपनीकडूनच आलेली असल्याने स्वतंत्र तपासणीची मागणी मला रास्त वाटते. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये ते वांगे रोखले. बांगलादेशात ते २०१४ पासून पिकते आहे. दादांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी: त्या लहान पाकिटातील बियाण्याची उगवण पुष्कळदा निकृष्ट असे, ही तक्रार खरी आहे. परंतु ती करायला पाकीट एकदा तरी उघडून पेरावे लागते.