नामाच्या आधी की नंतर? इंग्रजीतील संयोगचिन्हाविषयी

प्रश्न : मी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात इंग्रजी पत्रव्यवहार पाहते. एकाच पत्रात मी ‘अ वेल-नोन ऑथर’ संयोगचिन्हासह आणि ‘द ऑथर इज वेल नोन’ चिन्हाशिवाय लिहिले. दोन्हीकडे सारखेच हवे, असा शेरा मारून वरिष्ठांनी पत्र परत पाठवले. यात चूक कोणाची? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपले पत्र बरोबर होते. मराठीत ‘आई-वडील’, ‘ने-आण’ अशा जोड्यांतले संयोगचिन्ह शब्द वाक्यात कुठेही आला तरी कायम राहते. त्यामुळे इंग्रजीतही तसेच असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. इंग्रजीत मात्र दोन-तीन शब्द मिळून पुढच्या नामाचे एकच विशेषण होत असेल, तर ते एकत्र वाचायचे आहेत हे नाम येण्याआधीच कळावे म्हणून हे चिन्ह दिले जाते. नाम आधीच येऊन गेले असेल तर ती गरज उरत नाही. काही अमेरिकी कोशांत ‘वेल-नोन’ सर्वत्र चिन्हासहच आढळतो, त्यामुळे वरिष्ठांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. परंतु आपल्याकडे रूढ असलेल्या ब्रिटिश वळणाला आपलीच रीत धरून आहे.

हे चिन्ह केवळ शोभेचे नाही, हे नोटांच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. ‘टू हंड्रेड-रुपी नोट्स’ म्हणजे शंभराच्या दोन नोटा, एकूण 200 रुपये. ‘टू-हंड्रेड-रुपी नोट्स’ म्हणजे 2017 साली चलनात आलेल्या दोनशेच्या नोटा, आणि त्या किती आहेत हे या शब्दांतून कळतच नाही. हिशेबाच्या पत्रात हा फरक महागात पडू शकतो. अशा विशेषणात मधले नाम एकवचनी राहते, हेही लक्षात असू द्यावे : ‘अ टेन-यीअर-ओल्ड बॉय’, ‘यीअर्स’ नव्हे.

‘हायली पेड ऑफिसर’मध्ये चिन्ह नको, कारण ‘ली’ने संपणारे क्रियाविशेषण पुढच्या शब्दाशी जोडलेले आहे हे उघडच असते. ‘फ्रेंडली’ हे मात्र ‘ली’ असूनही विशेषण आहे, म्हणून ‘फ्रेंडली-लुकिंग मॅन’ असे लिहावे.

जोडनामांना असा नियम लावता येत नाही. ‘शॉर्टर ऑक्सफर्ड’ कोशाच्या 2007 च्या आवृत्तीत सुमारे 16,000 शब्दांतले संयोगचिन्ह काढण्यात आले. ‘आइस क्रीम’चे दोन सुटे शब्द झाले, तर ‘पिजनहोल’ हा एकच सलग शब्द झाला. म्हणून अशा शब्दांसाठी जुन्या सवयीवर विसंबू नये, अलीकडचा कोश उघडावा.

एका ठिकाणी मात्र हे चिन्ह कधीही गाळू नये. ‘री-साइन’ म्हणजे पुन्हा सही करणे आणि चिन्हाविना तीच अक्षरे म्हणजे ‘रिझाइन’, राजीनामा देणे. करारावर पुन्हा सही करण्याची तयारी कळवणाऱ्या पत्रातून ही छोटी रेघ सुटली, तर समोरच्याच्या हाती राजीनामा पडतो.