वाचकांचे प्रश्न: क्रोम बंपरला भोक न पाडता पुढची नंबर प्लेट कशी बसवायची?

प्रश्न: माझ्याकडे साठच्या दशकातली गाडी आहे, पुढचा क्रोम बंपर ओरिजिनल आहे आणि त्याला प्लेटसाठी एकही भोक नाही, कारण पहिल्यांदा जिथे विकली गेली तिथे पुढे प्लेट लावावीच लागत नव्हती. आता मला लावायची आहे. गॅरेजवाला म्हणतो बंपरला दोन भोकं मारू, दहा मिनिटांचं काम आहे. मारू देऊ का?

उत्तर: नको, अजिबात नको. काम दहा मिनिटांचं आहे हे खरं, पण ते परत फिरवता येत नाही. त्या काळच्या स्टीलच्या बंपरवर साधारणपणे आधी तांबं, मग निकल आणि सगळ्यात वर क्रोमचा थर असतो, आणि हा वरचा क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, गंजापासून खरं रक्षण करतं ते खालचं निकल. ड्रिल मारलं की भोकाच्या कडेला नुसतं स्टील उघडं पडतं, पाणी तिथून प्लेटिंगच्या खाली शिरतं, आधी तांबूस कड दिसते मग फुगवटा येतो मग पापुद्रे निघायला लागतात. तेवढ्याच जागी क्रोम करून मिळत नाही, अख्खा बंपर सोलून पॉलिश करून नव्याने प्लेटिंग करावं लागतं आणि त्या पॉलिशमध्ये जुन्या बंपरच्या धारदार कडा गोल होऊन जातात, हे बघवत नाही खरंच.

गाडीला आधीपासून जी भोकं आहेत तीच वापरा. बंपर ज्या बोल्टांनी धरलेला असतो त्यांचं गोल चकचकीत डोकं समोरून दिसतं आणि नट मागे असतो. त्या नटाखाली साधारण ३ मिमी जाड, २५ मिमी रुंद लोखंडी पट्टी घ्या, ती बंपरच्या मागून खाली किंवा वर आणा, जिथे प्लेट हवी तिथे वाकवून पुढे काढा, अशा दोन पट्ट्या आणि त्यांना जोडणारी एक आडवी पट्टी, झालं ब्रॅकेट. उद्या काढून टाकलं तरी गाडी जशीच्या तशी.

पट्टी कापायच्या आधी पुठ्ठ्याची प्लेट करा, अगदी मापाची, ती मास्किंग टेपने जागेवर चिकटवा आणि चार पावलं मागे जाऊन बघा. टोइंगचा हुक झाकला जातोय का, इंजिन हाताने फिरवून सुरू करायचं हँडल घालायला पुढे भोक असेल तर ते मोकळं राहतंय का, चढावर खालची कड घासेल का, सगळं तेव्हाच कळतं. बॉनेट उघडून बघायला विसरू नका. ट्रायम्फ स्पिटफायर किंवा जॅग्वार ई-टाइपसारख्या गाड्यांचं बॉनेट पुढच्या बाजूला बिजागरीवर फिरतं, उघडताना नाक खाली-पुढे येतं आणि पुढे काढलेली प्लेट नेमकी तिथेच आडवी येऊ शकते.

बंपरचे नट वर्षानुवर्षं उघडलेले नसतात, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आटे वायर ब्रशने साफ करा. गॅसने तापवायला जाऊ नका, क्रोमवर निळसर डाग पडतो. एका वेळी एकच बोल्ट सोडवा आणि बंपरखाली लाकडाचा ठोकळा द्या, नाहीतर बंपर एका बाजूला झुकतो आणि रंगाला ओरखडा काढतो. पट्टीची जाडी वाढली की बोल्ट आखूड पडू शकतो, नट पूर्ण बसून दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत. नवीन बोल्ट आणताना आट्यांचं माप जुळवूनच आणा! ब्रिटिश गाडी असेल तर इंची आटे असतात, ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, ८ मिमीचा नट त्यावर एक-दोन फेरे जातो आणि मग अडकतो, लोक पाना लावून जोर करतात आणि बोल्टचे आटे जातात. हाताने सहज फिरत नसेल तर तो नट त्या बोल्टचा नाही.

पट्टीची भोकं पाडून झाली की कड कानशीने साफ करा, प्रायमर आणि काळा रंग मारा, आणि भोकाच्या आतल्या बाजूलाही रंग पोचू द्या.

प्रश्न: ब्रॅकेट लावलंय पण प्लेट स्क्रूपाशी चिरते. दोनदा बदलली.

उत्तर: दोन कारणं असू शकतात. एक तर प्लेट फक्त वरच्या दोन स्क्रूंवर लटकत असेल, खालची कड वाऱ्याने फडफडते आणि ॲल्युमिनियम सतत वाकून थकतं. मागे पूर्ण मापाची आधारपट्टी द्या, खाली रबराचे दोन बुटके ठोकळे लावा. दुसरं कारण जास्त वेळा सुटून जातं, ते म्हणजे ब्रॅकेटची एक बाजू बंपरला आणि दुसरी बॉडीला बांधलेली असणं. खड्ड्यातून जाताना बंपर आणि बॉडी वेगवेगळे हलतात, मधे प्लेट पिळली जाते. दोन्ही टोकं एकाच वस्तूला बांधा. स्क्रूचं भोक थोडं मोठं ठेवून रबरी किंवा नायलॉनचा वॉशर घाला, त्याने स्टीलचा स्क्रू आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना लागत नाहीत आणि ओल धरून तिथे पांढरी पूड धरत नाही.

प्रश्न: प्लेट लावल्यापासून इंजिन गरम होतंय, संबंध असेल का?

उत्तर: प्लेट ग्रिलच्या मधोमध असेल तर नक्कीच असू शकतो, हवा तिथूनच रेडिएटरला जाते. आधी प्लेट काढून तोच रस्ता त्याच वेगाने चालवा आणि तापमानाचा काटा बघा. फरक पडला तर प्लेट बंपरच्या पुढ्यात किंवा एका बाजूला सरकवा. काही गाड्यांत हवा बंपरच्या खालून घेतलेली असते, तिथे खाली टांगली तरी तोच त्रास होतो. फोक्सवॅगन बीटलवाल्यांना ही चिंता नाही, इंजिन मागे आहे आणि हवेवरच थंड होतं. प्लेट काढूनही काटा तितकाच वर जात असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) आणि रेडिएटर तपासून घ्या.