आईवडिलांना अमेरिकेत कायमचं न्यायचं आहे, सोलापुरातून सुरुवात कुठून करू?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की तुम्ही मूळचे सोलापूरचे, नोकरी न्यू जर्सीत, काही महिन्यांत अमेरिकन नागरिकत्वाची शपथ होईल. मग आईवडील आणि धाकटा भाऊ यांना कायमचं तिकडे न्यायचंय. सुरुवात कुठून करायची आणि किती वर्षं लागतील, हे तुम्हाला हवंय.

आमच्या घरी अर्ज दादाने ओहायोतून भरले. सोलापुरातली धावपळ सगळी मी केली, २०२१ ते २०२४. म्हणून इकडची बाजू सविस्तर सांगते.

कायद्याचं आधी थोडक्यात. ग्रीनकार्डवर आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही, त्यासाठी नागरिकच व्हावं लागतं आणि वय एकवीस पूर्ण लागतं. नागरिकाच्या आईवडिलांना वार्षिक कोटा लागू नाही, त्यामुळे त्यांची रांग नसते. कागद तपासायला जाईल तेवढाच वेळ. आमचा जून २०२१ ला भरलेला अर्ज, मुंबईची मुलाखत जानेवारी २०२४ ला. आय-१३० हा अर्ज आईचा वेगळा आणि वडिलांचा वेगळा भरायचा, फीसुद्धा दोनदा. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या: आईवडिलांच्या अर्जावर धाकट्या भावाला सोबत नेता येत नाही, तो शाळकरी असला तरी.

आता कागद. माझं ठाम मत आहे की तुम्ही शपथेची वाट बघू नका, कागद आजपासून जमवायला घ्या. आमच्या अडीच वर्षांतले कितीतरी महिने अमेरिकेने नाही, बाबांच्या जन्मतारखेने खाल्ले.

बाबा बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यात जन्मले, पुढे सोलापूरला एसटीत मेकॅनिक म्हणून लागले. त्यांचा पासपोर्ट, आधार, पॅन, एसटीचं सेवापुस्तक, सगळीकडे जन्मतारीख १ जून १९५३. मी स्वतः शाळेच्या कार्यालयात काम करते. जुन्या जनरल रजिस्टरचं कुठलंही पान उघडा, निम्म्या पोरांचा जन्म १ जूनचा. घरच्यांना तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी जूनमध्ये नाव घालताना वय अंदाजाने धरून १ जून लिहून टाकायचे. तुमचे वडील त्या पिढीतले असतील तर त्यांचा दाखला आधी बघा.

जन्माची मूळ नोंद शोधायला मी बार्शीच्या तहसीलमध्ये गेले. गावोगावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात त्याला कोतवाल बुक म्हणतात, म्हणजे गाव नमुना चौदा. अभिलेख कक्षातल्या कर्मचाऱ्याने फडक्यात बांधलेला गठ्ठा सोडला. आमच्या गावच्या वहीची कडेची पानं वाळवीने खाल्लेली, हात लावला की भुगा खाली पडायचा. जी पानं शाबूत होती त्यांत मुलांची नावंच नव्हती. बापाचं नाव, आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बारसं व्हायच्या आधीच नोंद व्हायची, नाव नंतर घालायला कोण जाणार? त्या वर्षाच्या शाबूत पानांत आमच्या आजोबांचं नाव सापडलं नाही. मग नोंद उपलब्ध नसल्याचा लेखी दाखला घेतला. तो दाखला सोन्यासारखा जपा. त्याच्या जोडीला शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं, असं आम्ही दिलं.

त्या प्रतिज्ञापत्रासाठी आत्याला गावाहून आणलं. ती बाबांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. वकिलांनी मजकूर वाचून दाखवला, त्यात १ जून आलं तशी ती मधेच म्हणाली, “जूनात न्हाई झाला त्यो. दिवाळीचं दळण चालू हुतं, आई जात्यावरनं उठली आन् आत गेली. मी बघितलंय की.” वकील म्हणाले, आजी, कागदावर जूनच ठेवू, कोण विचारतंय. आत्या अंगठा द्यायला तयार होईना. मलाही ते पटलं नाही. शेवटी मजकूर बदलला: जन्म या गावी, या आईबापांच्या पोटी झाला हे मी स्वतः जाणते, शाळेत नोंदवलेली तारीख १ जून १९५३ आहे आणि तीच पुढे सर्व कागदांवर आली, घरच्या आठवणीप्रमाणे जन्म दिवाळीच्या सुमारास झाला, नेमकी तारीख माहीत नाही. दादाला वाटलं यावर अडवतील. मुलाखतीत बाबांना त्यावर एकच प्रश्न आला. त्यांनी जे होतं ते सांगितलं आणि पुढचा विषय निघाला.

हे इतकं लांबण लावून सांगण्याचं कारण म्हणजे, मधल्या काळात एक एजंट आमच्या घरी चहा पिऊन गेला. आठ दिवसांत बाबांचा जन्मदाखला ‘काढून देतो’ म्हणाला, पंचवीस हजार सांगितले. दादा तिकडून म्हणत होता देऊन टाक, सुटू एकदाचे. मी दिले नाहीत. असा दाखला उद्या खोटा ठरला तर त्या एका कागदापुरतं ते राहत नाही. व्हिसाच्या कामात खोटा कागद दिल्याचा शिक्का बसला की पुढे त्या माणसाला कायमचं बाहेर ठेवायची तरतूद त्यांच्या कायद्यात आहे. सत्तरीच्या माणसाच्या नशिबी हे कशाला?

आईचं दुखणं नावाचं होतं. माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं वेगळं. तिचं माहेर सोलापुरातच बाळीवेशीत, पहिलं बाळंतपण तिकडेच झालं, आणि दवाखान्यात आजोबांनी तिचं माहेरचं नाव सांगितलं. त्यामुळे दादाच्या जन्मनोंदीत आईचं जे नाव आहे ते तिच्या पासपोर्टवर नाहीच. शिवाय कुठे नावामागे ‘बाई’ लागलेलं, कुठे नाही. अमेरिकेला या अर्जात बघायचं असतं ते हेच, की ही त्याचीच आई आहे का. आईसाठी तुमचा जन्मदाखला लागतो, त्यावर तिचं नाव हवं. वडिलांसाठी तुमचा जन्मदाखला आणि त्याबरोबर आईवडिलांचा विवाह नोंदणी दाखला. आणि आमच्याकडे त्या काळी लग्नं नोंदवत कोण होतं? आई-बाबांचं लग्न १९८० चं. ट्रंकेच्या तळाशी लग्नपत्रिका सापडली, वर ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’, हळदीचा पिवळा डाग अजून तसाच. लग्न लावणारे भटजी कधीच वारलेले. लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार गोळा केले आणि चाळीस वर्षांनी महापालिकेत नोंदणी केली. त्या नोंदणीत आईचं लग्नाआधीचं नाव आलं, वर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं, तेव्हा ती गाठ सुटली.

तुमचा स्वतःचा जन्मदाखलाही बघून ठेवा. दादाच्या नोंदीत नावाचा रकाना रिकामा होता, तो अर्ज करून भरून घ्यावा लागला.

पैशाची बाजू तुमची. आय-८६४ हे हमीपत्र तुम्हाला सही करून द्यावं लागेल: तुमचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या तक्त्याच्या सव्वापट, म्हणजे १२५ टक्के तरी हवं. यात घरातली सगळी माणसं मोजतात. दादा, वहिनी, दोन मुलं आणि आई-बाबा धरून सहा, त्यासाठी २०२४ च्या तक्त्याप्रमाणे वर्षाला ५२,४५० डॉलर. कमी पडत असेल तर दुसरा सहहमीदार चालतो. ही सही हलक्यात घेऊ नका. आईवडील नागरिक होईपर्यंत किंवा त्यांच्या कामाच्या चाळीस तिमाह्या भरेपर्यंत ती तुमच्यावर बंधनकारक राहते, आणि या वयात ते काही नोकरी करणार नाहीत.

मुंबईचं सांगायचं तर पोलीस क्लिअरन्सचं काम सोलापुरात पासपोर्ट सेवा केंद्रातूनच झालं. वैद्यकीय तपासणी मात्र अमेरिकन वकिलातीने ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच, मुंबईत. तपासणीचा अहवाल मुलाखतीआधी तयार हवा, म्हणून आम्ही आठवडाभर आधी सिद्धेश्वर एक्सप्रेसने गेलो आणि डोंबिवलीला मावशीकडे राहिलो. जुन्या लसींचे कागद नसतील तर लसी पुन्हा टोचतात. मुलाखत त्याच वकिलातीत, वांद्र्याला बीकेसीत. बाबांनी मराठीत बोलायला मागितलं, मराठीत झालं. मूळ कागदांची फाईल त्यांच्याच हातात द्या आणि कुठला कागद कुठे आहे ते घरी चार वेळा काढायला लावा. बाबांचा हात थरथरत होता, पण मागितलेला कागद पहिल्या झटक्यात निघाला.

आता जे मी दादालाही उशिरा सांगितलं ते. ग्रीनकार्ड हे दहा वर्षांच्या व्हिजिटर व्हिसासारखं नाही. ते राहण्यासाठी आहे. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर विमानतळावर विचारणा होते, वर्षाच्या वर गेलात आणि आधी रीएन्ट्री परमिट, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, घेतलेलं नसेल तर ते गमावण्याची पाळी येते. म्हणजे आईवडिलांचं घर खरोखर तिकडे हलतं. इकडे बँकेला कळवून खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची, करावी लागतात. तिकडे पासष्टीच्या पुढच्यांचं मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमासुद्धा पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय मिळत नाही, तोवर विमा तुम्ही विकत घ्यायचा. आईला मधुमेह आहे, दादाचा सगळ्यात मोठा मासिक खर्च तो विमाच झाला.

म्हणून अर्ज भरण्याआधी त्यांना विचारा. ‘तुम्हाला नातवंडांकडे यायचंय ना?’ असं नका विचारू, त्याला सगळे हो म्हणतात. ‘पुढच्या वर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी तुम्ही सोलापुरात नसाल, चालेल का?’ असं विचारा. आमच्या आईने आयुष्यात एकही गड्डा चुकवलेला नाही. संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा ती पहाटेपासून रस्त्याच्या कडेला जागा धरून बसते. मुलाखतीची तारीख संक्रांतीनंतरची आली तेव्हा तिने सिद्धेश्वराला नारळ फोडला. हे तिने दादाला कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याने कधी विचारलं नव्हतं. शेवटी तिने स्वतःच ठरवलं: डिसेंबरात इकडे यायचं आणि सहा महिने पुरे व्हायच्या आत परतायचं. एप्रिल २०२४ ला दोघं गेली, पहिल्या डिसेंबरात परत आली, मेअखेरीस पुन्हा गेली. बाबांना तिकडे बरं वाटतं, गॅरेजात दादाच्या गाडीचं काहीतरी उघडून बसतात. आई दुपारी मला फोन करते, तेव्हा तिकडे पहाटेचे साडेचार असतात. झोप लागत नाही म्हणते.

तुमच्या आईवडिलांना वर्षातून चार-पाच महिनेच यायचं असेल तर बी-२ व्हिजिटर व्हिसा पुरतो, एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं. मात्र हे आय-१३० भरायच्या आधी ठरवा. कायमचं यायचा अर्ज एकदा दाखल झाला की पाहुणा म्हणून व्हिसा मागताना त्यांना ते पटवणं कठीण जातं.

राहिला तुमचा भाऊ. भावाबहिणींसाठी नागरिकाला अर्ज करता येतो, त्याला एफ-४ म्हणतात, पण तिथे कोटा आहे आणि भारताची रांग फार मोठी आहे. मी शेवटचं बघितलं तेव्हा २००६ साली भरलेल्या अर्जांचा नंबर चालू होता. दादाने माझा अर्ज २०२२ ला भरलाय. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. अर्ज मंजूर व्हायला जो काळ जातो तेवढा मुलांच्या वयातून वजा धरतात, तरी नंबर येईपर्यंत ती बहुधा एकवीसच्या पुढे गेलेली असेल आणि माझ्याबरोबर येऊ शकणार नाही. हे कळल्यावर मी होटगी रोडला फ्लॅट बुक केला आणि अर्ज तसाच राहू दिला, असला तर असो.

भावाचा अर्ज जरूर भरा. पण ही वर्षं त्याला आत्ताच, फोनवर स्पष्ट सांगा. आमच्या शेजारचा एक मुलगा बहिणीच्या भरवशावर ‘आता अमेरिकेला जायचंच आहे’ म्हणत इकडे कुठेच नीट टिकला नाही, लग्नही लांबवत राहिला, आणि त्याला रांगेचा आकडा कुणी सांगितलाच नव्हता. आईवडील तुमच्याकडे आले की गावाकडची शेती, घरपट्टी, बँका आणि दोघांची मायदेशीची सगळी कामं तुमच्या भावाच्याच अंगावर पडणार आहेत, हेही त्याच फोनवर बोला. दादा माझ्याशी ते बोलला नव्हता. नंतर बोलला, आणि आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर बसून आई-बाबांचे कागद, औषधं आणि परतीची तारीख बघतो.